ठाण्याहून साष्टी बेट बघायचं तर: किनारा, जंगल आणि दोघांच्या वेळा

घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाला तो बेटावर राहतो असं सांगितलं, तर आधी त्याला चेष्टाच वाटते. पण नकाशावर बोट फिरवून बघा. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी. मधला सगळा तुकडा म्हणजे साष्टी. अंधेरी, बोरिवली, भाईंदर, मुलुंड आणि ठाणे शहराचा खाडीअलीकडचा भाग याच बेटावर आहे. कळव्याचा पूल ओलांडला की बेट संपलं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच थांबली होती. खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोहोचले ते १८५४ मध्ये.

या बेटाच्या मधोमध शंभर चौरस किलोमीटरपेक्षा मोठं जंगल आहे, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि पश्चिमेला कोळीवाड्यांचा किनारा. दोन्ही ठिकाणं ठाण्याहून सकाळी निघून जेवायच्या वेळेपर्यंत बघून होतात. तरी लोक चुकीच्या वेळी जातात. भर भरतीला किनाऱ्यावरच्या उत्तन गावी पोहोचतात आणि खडक पाण्याखाली बघून परत येतात. जंगलाच्या ठाण्याकडच्या बाजूला, येऊरला, दुपारी बाराला चढतात, पक्षी झाडीत गप्प बसलेले असतात आणि मग सगळा वेळ ढाब्यावर जातो. म्हणून या लेखात रस्त्यांपेक्षा वेळेबद्दल जास्त आहे. समुद्राची वेळ चंद्र ठरवतो, जंगलाची सूर्य आणि वन खातं. आपला रविवार दोघांच्याही हिशेबात नसतो.

पहिलं काम: ऋतू निवडा

पहिल्यांदाच जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, पहाटे गारवा, पायवाटा घट्ट, आणि बाहेरून आलेले पाहुणे पक्षीही असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये जंगलाची पानं गळतात आणि त्या उघड्या फांद्यांवर पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. नवख्याला पक्षी सापडायला हा काळ सगळ्यात सोपा. फुलांतला मध प्यायला मैना, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी एकाच झाडावर गर्दी करतात, आपण खाली नुसतं उभं राहायचं. एप्रिल-मे तापतो, पण बहावा आणि आपलं राज्यफूल ताम्हण तेव्हाच बहरात असतात, आणि करवंदं-जांभळंही त्याच दिवसांतली.

पावसाळ्यातली हिरवाई पाहायला सगळ्यांनाच जावंसं वाटतं. जरूर जा, पण डांबरी रस्ता सोडू नका. येऊरचे ओढे आणि घोडबंदर रोडला येऊन मिळणारी चेणा नदी वरच्या डोंगरात पडलेल्या पावसाने फुगतात. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि पाणी अचानक गुडघ्यावर येतं. धबधब्यांवर दर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, ते उगाच नाही. जून ते सप्टेंबर समुद्रात उतरण्याचा विषयच नको.

दुसरं काम: भरती-ओहोटी काढायला शिका

मोबाइलवर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक मिळतं, ते बघाच. पण किनाऱ्यावरची जुनी रीत माहीत असली तर भिंतीवरच्या कॅलेंडरवरूनही काम भागतं. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. उत्तर आलं ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, पहाटेही आणि दुपारीही. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे नऊच्या पुढे. अष्टमीला भरती सहाला. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो, तेवढी सोय ठेवा. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही.

आता यातून आपल्या कामाचे दिवस निघतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: पाणी खूप चढतं आणि खूप मागेही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी ना फार वर ना फार खाली, आणि खडक नीट उघडे पडत नाहीत. सकाळच्या उन्हात, पाणी लांब गेलेलं असताना खडकांवरचे जीव बघायचे तर प्रतिपदा ते चतुर्थी हे दिवस उत्तम. तेव्हा ओहोटीचा तळ सकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान येतो. सुट्टी या दिवसांत पडत असेल तर ती समुद्राला द्या. अष्टमीच्या आसपासचा रविवार जंगलाला द्या.

खडकांवर उतरायचं ते ओहोटीच्या तळाच्या दीड-दोन तास आधी. पाणी मागे जातं तसं तसं पुढे सरकायचं आणि पाणी फिरलं की आपणही फिरायचं. हा नियम मोडणाऱ्यांचीच सुटका दोरखंड टाकून करावी लागते. चढतं पाणी समोरून येताना दिसतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते आधी मागच्या सखल भागात शिरतं आणि आपण उभे असलेला खडक किनाऱ्यापासून तुटतो.

तिसरं काम: उत्तनला पोहोचणं

ठाण्याहून भाईंदरला लोकलने जायचं तर दादरला गाडी बदलून उलटा वळसा पडतो. त्यापेक्षा घोडबंदर रोडने काशिमिरा आणि तिथून भाईंदर, बसने किंवा स्वतःच्या गाडीने. सकाळी लवकर निघालात तर घोडबंदर रोडही माणसात असतो. वाटेत वेळ असेल तर खाडीकाठच्या टेकडीवरचा घोडबंदर किल्ला बघून घ्या. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांच्या साष्टी मोहिमेत हाती आला. वरून वसईच्या खाडीचं वळण दिसतं आणि आपण बेटाच्या उत्तर टोकाला उभे आहोत हे डोळ्यांनी पटतं.

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तन आणि चौकच्या बस सुटतात. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं लागतात, आजूबाजूला मिठागरं, खाजण, तिवरांची झाडी. मग रस्ता डोंगरीकडे चढतो, हवा बदलते, आणि सुक्या मासळीचा वास येऊ लागतो. वास आवडत नसेल तर नाकाला रुमाल लावून गावातून फिरू नका. लोकांच्या घरादाराचा तो वास आहे.

आधीच सांगतो, इथलं पाणी निळं नाही. खाड्यांचा गाळ समुद्रात येतो, त्यामुळे रंग चहासारखा. अंदमानचे फोटो मनात घेऊन आलात तर पहिली पाच मिनिटं निराशेत जातील. इथे बघायचं ते पायाशी. काळ्या पाषाणाचे सपाट कट्टे, त्यांतल्या खळग्यांत अडकलेलं पाणी, आणि त्या वीतभर पाण्यात समुद्रफुलं, शंख पाठीवर घेऊन पळणारे खेकडे, छोटे मासे, स्पंज. एका खळग्याजवळ दहा मिनिटं उकिडवं बसा. सुरुवातीला काहीच दिसत नाही, मग दगड वाटलेली वस्तू चालू लागते. सावली पाण्यावर पडू देऊ नका. दगड उलटलात तर जसा होता तसाच परत ठेवा, कारण त्याच्या खालच्या बाजूला जीव चिकटलेले असतात आणि ते उन्हात मरतात. जिवंत शंख-शिंपले पिशवीत भरायचे नाहीत. शंख रिकामा वाटला तरी आत कुणी भाडेकरू आहे का ते बघा.

पायात जुने, मागून बंद आणि तळाला पकड असलेले बूट हवेत. चप्पल शेवाळावर घसरते आणि कालवांच्या कडांनी पाय ब्लेडने कापल्यासारखा फाटतो. अनवाणी तर मुळीच नको. पावसाळ्याच्या दिवसांत वाळूवर निळसर फुग्यासारखं काही पडलेलं दिसलं तर हात लावू नका, ते ब्लूबॉटल. त्याच्या लांब धाग्यांचा डंख जोरात भाजतो, मेलेल्याचाही. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, चोळू नका आणि सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा. श्वासाला त्रास झाला किंवा मूल लहान असेल तर थेट डॉक्टर.

पोहायला उत्तन चांगलं नाही: खडक, चिखल आणि होड्यांचे दोर. वाळूवर चालायचं असेल तर पुढे गोराई, शांतपणे बसायचं असेल तर मनोरी. गोराईचा किनारा लांब आणि सपाट आहे, त्यामुळे माणूस बिनधास्त आत जातो. गुडघाभर पाण्याच्या पुढे जाऊ नका. आणि दोन लाटांच्या मध्ये एखादी पट्टी गुळगुळीत, शांत दिसली तर नेमकी तिथेच उतरू नका. बहुधा पाणी तिथूनच परत समुद्राकडे ओढलं जात असतं.

कोळीवाड्यात वागायचं कसं

हा किनारा काही रिकामा नाही, कामाची जागा आहे. उत्तन, पाली, चौक ही बहुतांश ख्रिस्ती कोळ्यांची गावं, म्हणून रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला रस्त्यात गाडी आडवी लावणं टाळा. इथली डोल जाळी पाण्याच्या ओढीवर चालतात. समुद्रात रोवलेल्या खुंटांना पिशवीसारखं जाळं बांधायचं, भरती-ओहोटीची ओढ मासळी त्यात आणून भरते. म्हणजे आपण आत्ता जे पाऊणपटीचं गणित शिकलो ते इथल्या माणसाच्या रोजच्या जेवणाचं गणित आहे. पाणी कधी फिरेल हे ॲपपेक्षा जाळं विणत बसलेल्या एखाद्या काकांना विचारलेलं बरं. "काका, आता पाणी उतरतंय की चढतंय?" एवढं विचारलं की उत्तर तर मिळतंच, कुठला खडक निसरडा तेही कळतं.

पावसाळा संपल्यावर बांबूच्या चौकटींवर बोंबील वाळत घातलेले दिसतील, तोंडात तोंड अडकवून. वाळूवर जाळी पसरून जवळा सुकवलेला असतो. त्यावरून चालू नका, मुलांनाही सांगा. फोटो काढण्याआधी मावशींना विचारा. नाही म्हणाल्या तर नाही. आणि फोटो काढून निघून जाण्यापेक्षा पावशेर सुका जवळा घ्या. घासाघीस करण्याइतका तो महाग नसतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा गाव निवांत असतं आणि लोकांना बोलायला वेळ असतो. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा धावपळ.

चौकच्या बाजूला धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. झोपडपट्टीची धारावी वेगळी, ही वेगळी. उत्तन-गोराई-मनोरीच्या या पट्ट्याला पूर्वी धारावी बेटच म्हणत. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या सैन्याला हा किल्ला हवा होता, कारण इथून वसईच्या खाडीच्या तोंडावर नजर राहते. अवशेष थोडेच आहेत, पण वर उभं राहिलात की जागेची निवड लगेच समजते.

परतताना त्याच रस्त्याने येऊ नका. उत्तनहून गोराई गाव, तिथून रिक्षाने जेट्टी, फेरीबोटीने खाडी ओलांडून बोरिवलीची बाजू. बोट काही मिनिटांचीच, पण दोन्ही काठांचं कांदळवन जवळून दिसतं. जेट्टीजवळच विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट आहे. मनोरीपर्यंत गेलात तर तिथून मार्वेला बोट मिळते, मग मालाड. बोरिवलीहून घोडबंदरमार्गे ठाण्याला बस आहेतच. फेरीची शेवटची वेळ मात्र जातानाच विचारून ठेवा.

चौथं काम: येऊर

ठाणे स्टेशनवरून येऊरची टीएमटी, म्हणजे ठाणे पालिकेची बस, मिळते. उपवन तलावापासून चालत चढणारेही खूप. पायथ्याला वन खात्याचं गेट आहे. प्रवेशाच्या वेळा आणि शुल्क तिथल्या फलकावर असतात आणि ते बदलत राहतात, त्यामुळे कुणाच्या जुन्या पोस्टवर विसंबू नका. दारू आणि स्पीकर घेऊन जायचं नाही. प्लास्टिकच्या पिशवीतला खाऊही नको, कारण माकडांनी पिशवी ओळखलेली आहे.

गेट उघडताच आत शिरणं ही सगळी युक्ती. सूर्योदयानंतरचे दोन तास जंगल जागं असतं. पहिल्या भेटीत आडवाटेला जाण्याची काही गरज नाही. वळणावळणाचा रस्ता, त्याच्या कडेची झाडं आणि पाड्यांजवळच्या मोकळ्या जागा एवढ्यातच सकाळ निघून जाते. साग, ऐन, कुडा, मोह, उंबर आणि बांबू ही झाडं ओळखायला शिका. उंबराला फळं लागली असतील तर त्याच्याखाली थांबा. हरियाल, आपला राज्यपक्षी, पिवळे पाय घेऊन तिथेच बसलेला असतो, पण पानांत इतका मिसळतो की आधी आवाज ऐकू येतो. पावसाळ्यानंतर काळ्या पंखांवर निळं चमकणारं मोठं फुलपाखरू दिसलं तर ते ब्लू मॉर्मन, २०१५ पासून राज्याचं फुलपाखरू. कपडे मातकट किंवा हिरवे घाला. सुगंधी स्प्रे मारून येऊ नका. आणि बोलणं कमी. दहा जणांचा गट घेऊन येऊरला पक्षी बघता येत नाहीत. चार जण पुरे.

कारवीबद्दल लोक विचारतात. उतारांवर दाट वाढणारी ही झुडपं दर आठ वर्षांनी एकदाच फुलतात. इथल्या डोंगरांवर २०१६ मध्ये फुलली, मग २०२४ मध्ये. पुढची पाळी २०३२. दरवर्षी "कारवी फुलली, चला" असे मेसेज फिरतात, ते बहुतेक दुसऱ्याच डोंगराचे नाहीतर दुसऱ्याच फुलाचे असतात.

जंगलात वारली आणि इतर आदिवासींचे पाडे आहेत: पाटोणापाडा, जांभूळपाडा आणि आणखी. ते प्रेक्षणीय स्थळ नव्हे. अंगणात शिरू नका. पाऊस सुरू होण्याच्या सुमाराला बायका शेवळं, पुढे टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी विकायला बसतात, येऊरच्या रस्त्यावर आणि ठाणे स्टेशनबाहेरही. भाजी घेताना कृती विचारून घ्या. शेवळं काकडाशिवाय (काकड म्हणजे एक आंबट रानफळ) शिजवलीत तर घशाला खाज सुटते, आणि हे त्या मावशी तुम्हाला सांगतातच, आपण ऐकत नाही.

बिबट्या

हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो. आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि परिसरात २०१५ च्या कॅमेरा ट्रॅपच्या अभ्यासात ३५ बिबटे नोंदले गेले, आणि इतक्या दाट वस्तीला खेटून राहणारे बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी आहेत. तुम्हाला तो दिसण्याची शक्यता फार कमी. त्याने तुम्हाला बघितलेलं असण्याची शक्यता चांगलीच. वारली लोक वाघोबाला पुजतात. त्यांच्या लेखी तो शेजारी आहे, आणि शेजाऱ्याच्या येण्याजाण्याच्या वेळा पाळायच्या असतात.

वेळ म्हणजे संधिप्रकाश. अंधार पडायच्या बऱ्याच आधी खाली उतरा. लहान मूल एकटं पुढे किंवा मागे राहू देऊ नका, गटाच्या मध्ये ठेवा. झुडपाआड एकट्याने खाली बसू नका, कारण बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. समोर आलाच तर पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. ताठ उभं राहून, मूल उचलून, हळूहळू मागे सरकायचं आणि त्याला जायला वाट ठेवायची. खरकटं टाकू नका. खरकट्यामागे कुत्री येतात, कुत्र्यांमागे तो.

खरं तर जपायचं ते सापाला. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही विषारी साप या भागात आहेत आणि पावसाळ्यात बांबूवर हिरवा चापडाही दिसतो. पानांच्या ढिगात किंवा दगडांच्या फटीत हात घालू नका, फांदी धरण्याआधी ती बघा. दंश झाला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नको. हात-पाय हलवू न देता थेट मोठ्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात. वन खात्याची हेल्पलाइन १९२६ आणि तातडीचा ११२ फोनमध्ये आधीच साठवून ठेवा, कारण वर रेंज लहरीप्रमाणे येते-जाते.

जंगलाची दुसरी बाजू आणि खाडी

येऊरहून चालत पलीकडे बोरिवलीला उतरता येतं असं कुणी सांगेल. परवानगीशिवाय ते करू नका, वन खातं पकडतं आणि वाट चुकणं सोपं आहे. कान्हेरी लेण्यांसाठी रीतसर बोरिवलीच्या मुख्य दारातून जा. सोमवारी उद्यान बंद. शंभरावर लेणी, बहुतेकांबाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि पावसाचं पाणी त्यांत आणणारे पन्हळ. इतक्या पावसाच्या बेटावरही पाणी साठवायची काळजी त्या भिक्खूंनी घेतली होती. पावसाळा सरताना गेलात तर टाक्या भरलेल्या दिसतात.

पूर्वेची खाडी बघायला मात्र बेट सोडून नवी मुंबईत ऐरोलीला जावं लागतं. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला बोटी निघतात. ठाणे खाडीतला हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा रामसर दर्जा मिळाला. पक्षी साधारण नोव्हेंबर ते मे असतात, गर्दी हिवाळ्याच्या शेवटी. बोटीची वेळ रोज बदलते, कारण तीही भरतीवर अवलंबून. आधी नोंदणी करा, आणि वेळ विचारताना पाऊणपट काढून बघा, जुळते का ते.

पिशवीत काय न्यायचं ते थोडक्यात: माणशी दोन लिटर पाणी, टोपी, छोटी दुर्बीण, बँडेज, मीठ-साखरेची पुडी, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी आणि सुट्टे पैसे. फेरीवर आणि गावातल्या टपरीवर यूपीआय चालतं, पण रेंज नसली की अडतं. घरी आल्यावर घोटे, गुडघ्यामागची जागा आणि मुलांचे कान गोचिडीसाठी तपासा. किनाऱ्यावरचे बूट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर मिठाने शिलाई उसवते आणि पुढच्या चतुर्थीला दुसरे घ्यावे लागतात.